माडापेक्षा उंच नको

बाली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील सनूर हे गाव सूर्योदयासाठी प्रसिद्ध आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाची रांग आहे. समुद्राच्या लाटा तेथेच फुटतात आणि आत येणारे पाणी तळ्यासारखे शांत असते. पहाटे आकाश निरभ्र असेल तर ईशान्येला आगुंग पर्वताचे शिखर दिसते आणि दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे तराफे लावलेल्या निमुळत्या होड्या पाण्यावर डोलत असतात.

याच किनाऱ्यावर १९६२ साली विजा वावो-रुंतू या गृहस्थांनी अवघ्या चार बंगल्यांचे ‘तांजुंग सारी’ हे निवासस्थान सुरू केले. या नावाचा अर्थ ‘फुलांचे भूशिर’ असा आहे. बालीतील घर म्हणजे एकच मोठी इमारत नसते. आवाराच्या भिंतीआड वेगवेगळे मंडप, त्यांमध्ये अंगण आणि एका कोपऱ्यात देवस्थान अशी त्याची रचना असते. तीच रचना येथे पाहुण्यांसाठी योजली गेली. खोलीतून बाहेर पडले की दिवाणखाना नव्हे, बाग लागते. आणि बाग संपते तेथे वाळू सुरू होते. लहान, घरगुती, तरीही देखण्या हॉटेलांची जी रीत पुढे जगभर रूढ झाली, तिच्या आरंभीच्या उदाहरणांत याची गणना होते.

चारच वर्षांनी, १९६६ साली, जपानकडून मिळालेल्या युद्धभरपाईच्या पैशातून याच सनूरमध्ये दहा मजली हॉटेल उभे राहिले. एकाच किनाऱ्यावर आता दोन वाटा दिसत होत्या. एक वाट खोल्यांची संख्या वाढवण्याची, तर दुसरी संख्येला आवर घालण्याची. बालीने दुसरी वाट पसंत केली. माडाच्या उंचीपेक्षा, म्हणजे सुमारे १५ मीटरपेक्षा, इमारत उंच नसावी असा दंडक तेथे घालण्यात आला. मात्र उंचीला मर्यादा घातली तरी पसरण्याला ती आपोआप लागू होत नाही. दक्षिण बालीत भातखाचरांच्या जागी हॉटेले आली आणि भूजलावरील ताण वाढला. सनूरच्या जुन्या भिंतींना शोभा देणारा प्रवाळदगडही त्याच संरक्षक रांगेतून काढला जात असे. किनाऱ्याची धूप वाढू लागल्यावर हा उपसा बंद करण्यात आला. मुद्दलालाच हात घातला की व्याज कोठून येणार?

अशा ठिकाणी राहणाऱ्याने शाकाहाराविषयी सावध असावे. तोफू, टेंपे आणि भाज्या येथे मुबलक मिळतात. परंतु ‘सांबाल’ या तिखट चटणीत बहुधा ‘तेरासी’, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. ‘गादो-गादो’ या शेंगदाण्याच्या रसातील भाज्यांबरोबर अंडे आणि कोळंबीचे पापडही येतात, शिवाय त्यात बटाटाही असतो. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी ते आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगावे. लहान हॉटेलात स्वयंपाकघर जवळच असते, त्यामुळे अशी विनंती ऐकली जाण्याचा संभव अधिक असतो.

मराठी माणसाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट येथे आहे. बालीचे नववर्ष शकगणनेनुसार येते. त्यांच्या शकाचा आकडा आणि आपल्या शालिवाहन शकाचा आकडा एकच. २०२३ साली तर दोन्ही नववर्षे २२ मार्च रोजी एकाच दिवशी आली, शके १९४५. आपण त्या दिवशी गुढी उभारतो. बालीत त्या दिवशी ‘न्येपी’ हे मौन पाळले जाते. अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही, असे त्याचे चार नियम आहेत. विमानतळ पूर्ण चोवीस तास बंद राहतो आणि हॉटेलातील पाहुण्यांनाही आवाराबाहेर पडता येत नाही.

त्या रात्री किनाऱ्यावरचे दिवे मालवलेले असतात. बागेतला पाहुणा वर पाहतो, तेव्हा माडांच्या शेंड्यांवर केवळ तारे असतात. त्याने खोलीचे भाडे जितके मोजले, त्यात या अंधाराचे मोल कोठेही नोंदलेले नसते.