पंचगंगेची पातळी आणि ‘संबंधित दर’

कलनशास्त्रातील ‘संबंधित दर’ प्रकारच्या गणितात दोन राशी एका समीकरणाने बांधलेल्या असतात आणि दोन्ही काळाबरोबर बदलतात. एकीचा दर माहीत असला की दुसरीचा काढता येतो. कोल्हापुरात याचे उत्तम उदाहरण पंचगंगेच्या पुरात मिळते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी मानतात. जुलै २०२१ मध्ये पाणी ५६ फुटांच्या वर गेले होते.

समजा, नदीचा १ किलोमीटरचा पट्टा ‘व्ही’ आकाराचा आहे आणि पाण्याची रुंदी खोलीच्या १० पट आहे. खोली ‘ख’ मीटर असता साठा ५०००ख² घनमीटर होतो. काळाच्या संदर्भात अवकलन केल्यावर:

साठावाढीचा दर = १०,०००ख × पातळीवाढीचा दर

येणारे पाणी जाणाऱ्यापेक्षा सेकंदाला ५ घनमीटरने जास्त असेल, तर ५ मीटर खोलीवर पातळी तासाला ३६ सेंटीमीटरने चढते, १० मीटरवर मात्र १८ सेंटीमीटरनेच. पाणी तेवढेच येते, पण पसरायला जागा दुप्पट मिळते. नदी पात्राबाहेर पडून उसाच्या फडांत शिरली की पातळी इंचाइंचाने वाढते, त्यामागे हेही कारण असते. तेवढ्यावरून पूर ओसरू लागला असे समजणे धोक्याचे आहे.

विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आकडे घालण्यात होते. ख = ५ ही किंमत अवकलनाआधीच घातली, तर साठा स्थिर संख्या ठरतो आणि त्याचा दर शून्य येतो. आकडे अवकलनानंतरच घालावेत.