निनावी कोण, उत्तरदायी कोण?

इंटरनेटवरील निनावी लोकांना वेसण घाला, अशी मागणी वारंवार होते. बाबासाहेबांविषयी गरळ ओकणारे खोट्या नावाआड लपतात, तेव्हा आपल्यालाही ती पटते. पण ओळख उघडी करायची ती कोणापुढे? २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेत ओळखपत्र सक्तीचे केले. संदेश प्रथम कोणी पाठवला हे शोधून देण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांवर घातले. त्यासाठी न्यायालयाचाच आदेश लागतो असे नाही. सरकारी अधिकाऱ्याचाही चालतो.

आता आपल्या नागपूरचे उदाहरण घ्या. दलित-आदिवासींचे खटले लढणारे अ‍ॅड. सुरेंद्र गडलिंग यांना भीमा कोरेगाव प्रकरणात जून २०१८ मध्ये अटक झाली. त्यांच्या संगणकात वीस महिने घुसखोरी करून पत्रे पेरली गेली, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये काढला. घुसखोराचे नाव मात्र अहवालात नाही. खरा निनावी तो!

घर व कागदपत्रांची अवाजवी झडती होऊ नये, ही तरतूद बाबासाहेबांनी १९४७ मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला.

म्हणून जातिवाचक शिवीगाळ करणाऱ्याचा बुरखा जरूर फाडा. पण न्यायालयाच्या आदेशाने आणि त्या गुन्ह्यापुरताच. गावातल्या अत्याचाराची बातमी बाहेर पोहोचवणाऱ्या आपल्या पोराचे नाव फुटले, तर त्याच्या घरावर बहिष्कार ठरलेला. त्याचे निनावीपण हे त्याचे संरक्षण आहे. उत्तरदायित्वाची सुरुवात सत्तेपासून झाली पाहिजे!