‘अ गुड टू अवर्स’ आणि ‘टू गुड अवर्स’: शब्द तेच, मग अर्थ वेगळा का?

समजा, सहकाऱ्याने ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, ‘द मीटिंग टूक अ गुड टू अवर्स’. मीटिंग छान झाली असं समजून तुम्ही अंगठा पाठवला, तर गडबड झालीच म्हणून समजा. तो बिचारा कंटाळून सांगतोय की, मीटिंगने किमान दोन तास खाल्ले, कदाचित जास्तच.

आकड्याच्या आधी आलेला ‘गुड’ वेळ मोजतो. तोच आकड्यानंतर आला की दर्जा सांगतो. ‘वी हॅड टू गुड अवर्स’ म्हणजे दोन तास मजेत गेले.

मराठी माणसाला हे कळायला खरं तर सोपं आहे. ‘चांगले दोन तास ताटकळलो’ म्हणताना आपल्यालाही त्या दोन तासांत चांगलं काही दिसलेलं नसतं! ‘तब्बल सहा महिने’साठी इंग्रजीत ‘अ व्हॉपिंग सिक्स मंथ्स’ आहे, ‘जेमतेम दोन मिनिटं’साठी ‘अ मिअर टू मिनिट्स’.

अडतं ते त्या छोट्याशा ‘अ’पाशी. मराठीत तो नाहीच, म्हणून आपण सर्रास ‘गुड टू अवर्स’ म्हणून मोकळे होतो. शिवाय ‘अ’ एकवचनाला लागतो हे शाळेत घोकलेलं. मग ‘अवर्स’ला कसा? कारण इथे इंग्रजी दोन तासांचं एकच गाठोडं बांधते आणि ‘अ’ त्या गाठोड्याला लागतो. ‘अ बिझी थ्री वीक्स’ही तसंच. विशेषण काढलं की ‘अ’सुद्धा जातो, ‘अ थ्री वीक्स’ कुणी म्हणत नाही.

आता हेच गाठोडं दुसऱ्या शब्दाचं विशेषण झालं, तर? मग शेवटचा ‘स’ गळतो. मीटिंग ‘टू अवर्स’ चालली, पण ती ‘टू-अवर मीटिंग’ होती. मुलगी ‘फाइव्ह इयर्स ओल्ड’ आहे, पण ‘फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’. इंग्रजी विशेषणाला अनेकवचन नसतं. आपण मात्र ‘दोन तासांची’ म्हणतो, त्यामुळे ‘टू अवर्स मीटिंग’ तोंडात बसतं.

मधली आडवी रेघही नुसती शोभेची नाही. ‘थ्री मंथ-लाँग कोर्सेस’ म्हणजे एकेका महिन्याचे तीन कोर्स. ‘थ्री’नंतरही रेघ आली की प्रत्येक कोर्स तीन महिन्यांचा होतो. जाहिराती लिहिणारे या रेघा बिनधास्त गाळतात. तेव्हा फी भरण्याआधी विचारलेलं बरं.

राजीनाम्याच्या ईमेलमध्ये आणखी एक गंमत होते. ‘टू वीक्स नोटिस’ लिहिताना ‘वीक्स’च्या ‘स’नंतर ॲपॉस्ट्रॉफी हवी, ‘वन वीक्स नोटिस’मध्ये ती ‘स’च्या आधी येते. सँड्रा बुलक आणि ह्यू ग्रँट यांच्या २००२ च्या ‘टू वीक्स नोटिस’ सिनेमाच्या नावातच ती नव्हती. ब्रिटिश लेखिका लिन ट्रस यांनी २००३ मधल्या विरामचिन्हांवरच्या पुस्तकात त्याचा समाचार घेतला. ॲपॉस्ट्रॉफीची धास्ती वाटत असेल, तर सरळ ‘टू-वीक नोटिस पिरियड’ लिहा. तेही बरोबरच आहे.