अकरावीचे पाच विषय : सरोजिनी नगरातील मराठी पालकांसाठी

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, शाळेत अकरावीला जाणारा विद्यार्थी औपचारिकदृष्ट्या कोणतीही शाखा निवडत नाही. तो पाच विषय निवडतो, त्यांतला एक इंग्रजी किंवा हिंदी असावा लागतो आणि उरलेले चार मंडळाच्या लांबलचक यादीतून घेता येतात. विज्ञान, वाणिज्य आणि मानव्यविद्या ही नावे शाळांनी वेळापत्रक, शिक्षक आणि प्रयोगशाळा यांच्या सोयीसाठी बांधलेल्या गटांची आहेत. तरीही दरवर्षी मे-जूनमध्ये घराघरांत चर्चा होते ती शाखेची, आणि ज्यावर पुढचे प्रवेश प्रत्यक्षात अवलंबून असतात ती विषयांची जुळणी शाळेच्या छापील अर्जातील एका खुणेने ठरून जाते. या लेखाचा सगळा भर त्या जुळणीवर आहे.

दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण आणि त्यानंतर विषयांची विभागणी ही रचना आज स्वाभाविक वाटत असली तरी ती फार जुनी नाही. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक टप्प्यावरच वेगवेगळे अभ्यासक्रम देणाऱ्या बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली होती. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) मात्र पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणितासह सर्वांना सामान्य शिक्षण द्यावे व विशेषीकरण त्यानंतर सुरू करावे, असा आग्रह धरला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. विद्यार्थ्याला स्वतःचा कल ओळखता येईपर्यंत त्याच्या वाटा बंद होऊ नयेत, हा त्या रचनेमागचा विचार होता, आणि विषय निवडताना आजही तीच कसोटी सर्वांत उपयोगी पडते.

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली त्यांत तिचा समावेश आहे, आणि जुन्या क्वार्टर्सच्या जागी आता तेथे उंच इमारती येत आहेत. महाराष्ट्रातून बदलीवर आलेल्या कुटुंबांना येथे पहिला फरक जाणवतो तो 'ज्युनिअर कॉलेज' नसण्याचा. अकरावी-बारावी येथे शाळेतच होते, आणि शाळेच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना सहसा आधी जागा मिळतात. वसाहतीतच नवी दिल्ली नगरपालिका परिषदेची नवयुग शाळा आहे, दिल्ली सरकारच्या शाळा आहेत, तर आयएनए कॉलनी, आर. के. पुरम आणि अँड्र्यूज गंज येथे केंद्रीय विद्यालये आहेत. या सर्व शाळा एकाच मंडळाच्या असल्या तरी प्रत्येक शाळेत सर्व विषय मिळतात असे नाही. मंडळाच्या यादीत मानसशास्त्र असते, पण शाळेत त्याचा शिक्षक नसतो. जीवशास्त्राबरोबर गणित घेता येते, पण शाळेच्या वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी येतात. म्हणून कोणती शाळा चांगली हे ठरवण्याआधी ती नेमक्या कोणत्या जुळण्या देते, हे कार्यालयातून लेखी घ्यावे.

अर्जाचा नमुना जवळून पाहिला तर ही गोष्ट स्पष्ट होते. अर्जात विषयाच्या नावापुढे त्याचा सांकेतिक क्रमांक असतो. दिल्लीत ज्याला सर्रास 'नॉन-मेडिकल' म्हणतात त्या गटात इंग्रजी कोअर (३०१), भौतिकशास्त्र (०४२), रसायनशास्त्र (०४३) आणि गणित (०४१) हे चार विषय ठरलेले असतात आणि पाचव्या ओळीत संगणकशास्त्र (०८३), इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस (०६५), शारीरिक शिक्षण (०४८) किंवा अर्थशास्त्र (०३०) यांपैकी एक निवडायचा असतो. 'मेडिकल' गटात गणिताच्या जागी जीवशास्त्र (०४४) येते. वाणिज्य गटात लेखाशास्त्र (०५५), व्यवसाय अध्ययन (०५४) आणि अर्थशास्त्र असते व गणित हा पर्याय असतो. काही विषय एकमेकांना वर्ज्य आहेत: संगणकशास्त्र आणि इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस एकत्र घेता येत नाहीत. पाचवा विषय भरतीचा आहे असे मानण्याची सवय येथे आहे आणि ती महागात पडते, कारण आयआयटीच्या प्रवेशासाठी बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ६५ टक्के) गुणांची जी अट आहे, किंवा तिला पर्याय म्हणून मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलची जी अट आहे, त्या दोन्हींसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी एक विषय अशा पाच विषयांचे गुण धरले जातात.

सर्वांत जास्त घोटाळा गणिताबाबत होतो. २०२० पासून दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत गणिताचे दोन पेपर आहेत: स्टँडर्ड (०४१) आणि बेसिक (२४१). अभ्यासक्रम दोहोंचा एकच असतो, प्रश्नांची काठिण्यपातळी मात्र वेगळी. अकरावीतही गणिताचे दोन विषय आहेत, आणि त्यांचे क्रमांकही तेच आहेत: नेहमीचे गणित ०४१ आणि २०२०-२१ मध्ये सुरू झालेले उपयोजित गणित २४१. अकरावीच्या या दोन विषयांचे अभ्यासक्रम मात्र निरनिराळे आहेत. उपयोजित गणितात व्याज, कर, संख्याशास्त्र अशा व्यवहार व वाणिज्याशी जोडलेल्या भागांवर भर असतो. मूळ नियमानुसार दहावीला बेसिक गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला अकरावीत ०४१ मिळत नाही, २४१ मिळते. कोविडच्या काळापासून मंडळाने या नियमात सवलत दिली आणि विद्यार्थ्याची तयारी पाहून त्याला ०४१ देण्याचा निर्णय मुख्याध्यापकांवर सोपवला. पण ही सवलत परिपत्रकांतून येत राहिली असल्याने ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचे परिपत्रक पाहणे आवश्यक ठरते. याचा सरळ अर्थ असा की अकरावीची विषयनिवड प्रत्यक्षात दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरतानाच सुरू होते, आणि दोन-चार गुण वाढतील या आशेने बेसिक पेपर निवडणाऱ्या मुलाला त्याची पूर्ण किंमत आधी सांगितलेली असावी.

गणित सोडण्याचा निर्णय वाणिज्य गटात विशेष विचाराने घ्यावा. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र (ऑनर्स) अभ्यासक्रमाला गणित किंवा उपयोजित गणित लागते. अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकूनही गणित नसल्यास तेथे प्रवेश मिळत नाही. अभियांत्रिकीकडे जाण्याची थोडीही शक्यता असेल तर ०४१ घ्यावे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या भूदल विभागासाठी कोणत्याही गटातील बारावी चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. याउलट विधी अभ्यासक्रमांची क्लॅट परीक्षा किंवा सनदी लेखापालाचा फाउंडेशन टप्पा यांना कोणत्याही गटाचा विद्यार्थी बसू शकतो.

मंडळ पाच विषयांवर सहावा अतिरिक्त विषय घेऊ देते, आणि ज्याचा कल अजून ठरलेला नाही अशा मुलासाठी ही तरतूद मोलाची आहे. जीवशास्त्र गटातील विद्यार्थी सहावा विषय म्हणून गणित घेऊ शकतो आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी अशा दोन्ही वाटा खुल्या ठेवू शकतो. याची किंमतही खरी आहे: जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्हींत ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचे प्रात्यक्षिक असते, त्यामुळे प्रयोगवह्या आणि गणिताचा रोजचा सराव एकत्र सांभाळावा लागतो. दहावीला गणित आवडीने सोडवणाऱ्या मुलाने हा भार घ्यावा. केवळ पालकांच्या समाधानासाठी तो कोणावर लादू नये.

दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर सरोजिनी नगरपासून पिंक लाइनवरील अवघ्या तीन स्थानकांवर आहे आणि येथील बहुतेक घरांचे लक्ष तिकडे असते. २०२१ पर्यंत तेथील पदवी प्रवेश प्रामुख्याने बारावीच्या गुणांवर, कट-ऑफ याद्यांनी होत. २०२२ पासून ते सीयूईटी या सामाईक परीक्षेवर होतात. २०२५ पासून या परीक्षेत जास्तीत जास्त पाच विषय देता येतात आणि बारावीला नसलेला विषयही निवडता येतो. दिल्ली विद्यापीठाने मात्र बारावीला घेतलेल्या विषयांतच ही परीक्षा द्यावी, अशी स्वतःची अट ठेवली आहे. पहिला नियम वाचून निश्चिंत झालेल्या कुटुंबाला दुसरा नियम दोन वर्षांनी, अर्ज भरताना कळतो, आणि तेव्हा काही करता येत नाही. सीबीएसईची अकरावी-बारावी हा सलग दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. अकरावीत नोंदवलेले विषयच बारावीच्या परीक्षेला येतात आणि नंतरचा बदल अपवादात्मक कारणांसाठी, मंडळाच्या परवानगीनेच होतो.

मानव्यविद्यांविषयी मराठी मध्यमवर्गात अजूनही एक संकोच आहे. गुण कमी पडले म्हणून 'आर्ट्स' अशी त्या मुलाची ओळख करून दिली जाते. दिल्लीत हा संकोच कमी असायला हवा. ज्या वसाहतीत मंत्रालयांतील कर्मचारी राहतात, तेथील मुलाला इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल आणि अर्थशास्त्र यांची जुळणी प्रशासन, कायदा, पत्रकारिता आणि संशोधन या सर्व क्षेत्रांसाठी भक्कम पाया देते. तिच्यात गणित किंवा उपयोजित गणित जोडता आले तर अर्थशास्त्राची वाटही खुली राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कला आणि विज्ञान यांच्यातील कठोर भिंत नको असे स्पष्ट म्हटले आहे. भौतिकशास्त्राबरोबर इतिहास घेण्याची परवानगी मंडळाच्या नियमांत आहे. अडवतो तो शाळेचा वेळापत्रकाचा तक्ता, आणि पुरेसे पालक एकत्र येऊन मागणी करतील तर तो बदलण्याचा विचार शाळेला करावा लागेल.

जवळच्या कालू सरायमध्ये अभियांत्रिकी प्रवेशाचे शिकवणीवर्ग आहेत, आणि त्यांच्याबरोबर 'डमी स्कूल'चा, म्हणजे नाव शाळेत आणि दिवसभर उपस्थिती शिकवणीत अशा व्यवस्थेचा, मोह येतो. मंडळाला ७५ टक्के उपस्थिती लागते, आणि २०२४ मध्ये याच कारणावरून दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता काढून घेण्यात आली. हा मार्ग टाळावा.

बदलीवर असलेल्या कुटुंबांसाठी विषयांइतकाच महत्त्वाचा प्रश्न अकरावी-बारावी कोठे करावी हा आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मौलाना आझाद, लेडी हार्डिंग यांसारख्या दिल्लीतील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी अकरावी आणि बारावी दोन्ही दिल्लीतील शाळेतून झालेली असावी लागते. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी आणि नेताजी सुभाष युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी येथेही ८५ टक्के जागा दिल्लीतून बारावी झालेल्यांसाठी असतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात विद्यार्थी किंवा त्याचे आई-वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास बाहेर शिकलेल्या मुलालाही राज्याच्या जागांवर दावा करता येतो. वैद्यकीय प्रवेशात मात्र अधिवासाबरोबर दहावी-बारावी महाराष्ट्रातून होण्याची अट सर्वसाधारणपणे लागते आणि तिचे अपवाद मर्यादित आहेत. म्हणून डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाला दहावीनंतर पुण्याला आजी-आजोबांकडे पाठवण्याचा घाईचा निर्णय त्याला दिल्लीच्या कोट्यातून बाहेर काढू शकतो आणि महाराष्ट्राच्या कोट्यात बसवेलच याची खात्री देत नाही. दोन्ही राज्यांच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिका समोर ठेवून हा निर्णय घ्यावा. परतणे अटळच असेल तर तेथील केंद्रीय ऑनलाइन अकरावी प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून संपूर्ण राज्याला लागू झाली आहे आणि तिचे वेळापत्रक दिल्लीच्या शाळांपेक्षा वेगळे चालते, हेही ध्यानात असावे.

मराठी भाषा हाही एक विषय आहे, हे दिल्लीकर मराठी घरांत अनेकदा विसरले जाते. सीबीएसईच्या वरिष्ठ माध्यमिक यादीत मराठी (१०९) आहे, सीयूईटीच्या १३ भाषांत मराठी आहे. पहाडगंजमधील नूतन मराठी शाळेसारखी संस्था दिल्लीत दीर्घकाळ उभी आहे. सरोजिनी नगरच्या शाळांत मराठीचा शिक्षक मिळणे कठीण असले तरी सहावा विषय म्हणून ती घेता येईल का, हे मंडळाच्या नियमांनुसार शाळेला जरूर विचारावे.

निवडीपूर्वीची तयारी फार खर्चाची नाही. एनसीईआरटीची अकरावीची सर्व पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी येतो. या मधल्या आठवड्यांत विद्यार्थ्याने गणितातील संच आणि त्रिकोणमितीय फलने, लेखाशास्त्रातील जमा-नावे नोंदी आणि राज्यशास्त्रातील संविधानाचे प्रकरण स्वतः वाचून, स्वाध्याय सोडवून पाहावेत. दहावीच्या टक्केवारीपेक्षा या वाचनातून अधिक कळते, कारण अकरावीचे गणित हे दहावीच्या गणिताचा पुढचा धडा नसून अमूर्त विचाराची नवी सवय मागणारा विषय आहे आणि ती सवय लागते की नाही हे टक्क्यांतून दिसत नाही. २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा होणार असून पहिली सर्वांना सक्तीची आहे, तर दुसऱ्या परीक्षेत तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतात. शाळा अकरावीचे प्रवेश पहिल्या निकालावर सुरू करणार की दुसऱ्यासाठी जागा राखणार, आणि सुधारलेल्या गुणांवर गट बदलून देणार का, हे प्रश्न एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना विचारून उत्तर लेखी घ्यावे.