आपल्या हातचा ईसीयू

भंडारा जिल्ह्याचं मोटारीशी जुनं नातं आहे. वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यात वाहनउद्योगाला लागणारं खास मिश्रधातूचं पोलाद तयार होतं. गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रक-बसचे गिअरबॉक्स बनतात. धातू आणि गिअर यांची जाण इथल्या कामगारांच्या हातात मुरलेली आहे. पण इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे ठरवणारा ईसीयू आपल्याकडे येतो तो सीलबंद डब्यातच. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. जेटचा स्क्रू फिरवून, आवाज ऐकून गाडी ‘लावणारा’ तुमसर-साकोलीचा मेकॅनिक त्या डब्यासमोर अडला. आत काय चाललंय ते त्याला कुणी दाखवलंच नाही.

ते दाखवणारं एक यंत्र मात्र वीस वर्षांहून अधिक काळ जगात आहे. अमेरिकेतल्या ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा ईसीयू लोकांपुढे ठेवला. तयार डबा विकत घेण्याऐवजी सुटे भाग आणायचे आणि कथलाचा डाग देत देत बोर्ड स्वतः जोडायचा, अशी ही रीत. सर्किटचे नकाशे आणि प्रोग्रॅम वाचायला खुले. पहिल्या मेगास्क्वर्टमध्ये मोटोरोलाचा साधा आठ बिटांचा प्रोसेसर होता आणि तो फक्त पेट्रोलचा हिशेब बघायचा. ठिणगीचं काम पुढे वापरणाऱ्यांनीच त्यात घातलं. नंतर ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्ट यांनी अर्डुइनो मेगा या बोर्डावर ‘स्पीडुइनो’ उभा केला. अर्डुइनो आज आपल्याकडच्या पॉलिटेक्निकच्या पोरांच्या रोजच्या हाताळणीतला आहे.

टर्बो बसवलेल्या रेसच्या गाडीत असा ईसीयू बसवणं, ही या यंत्राची खरी परीक्षा. साध्या इंजिनात हवा आपल्या ओढीने आत येते. टर्बो ती दाबून भरतो. त्यामुळे ईसीयूला सगळ्यात आधी कळावा लागतो तो इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब. मेगास्क्वर्टच्या बोर्डावरच दाबाचा सेन्सर असतो आणि मॅनिफोल्डमधून एक बारीक रबरी नळी त्याच्यापर्यंत आणलेली असते. हा सेन्सर २५० किलोपास्कलपर्यंत मोजतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ अडीच पट. तो ठीक आहे का, हे इंजिन चालू करण्याआधीच तपासता येतं. भंडारा समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर उंचीवर आहे, तेव्हा इथे बंद इंजिनात आकडा ९८ च्या आसपास दिसायला हवा. तो ८० दिसला, तर पुढचा सगळा हिशेब चुकणार हे तिथेच कळतं.

दाबाबरोबर तापमानही लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ही हवा नऊ टक्क्यांच्या आसपास विरळ, म्हणजे पेट्रोलही तितकंच कमी लागणार. दाब, तापमान आणि इंजिनाचे फेरे एवढं हाती आलं की ईसीयू एका तक्त्यात बघतो. आडव्या रांगेत आरपीएम, उभ्या रांगेत दाब आणि प्रत्येक चौकोनात सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो त्याची टक्केवारी. हा तक्ता भरणं म्हणजेच ट्यूनिंग. जुन्या मेकॅनिकच्या कानात जे ज्ञान होतं, तेच इथे आकड्यांत लिहिलेलं दिसतं.

गाडीवर चढवण्याआधी बोर्ड टेबलावर तपासतात. त्यासाठी ‘स्टिम’ नावाचा छोटा बोर्ड मिळतो. त्याच्या खुंट्या फिरवल्या की ईसीयूला वाटतं, इंजिन फिरतंय, तापतंय, थ्रॉटल उघडतोय. डाग कच्चा राहिला असेल तर तो इथेच पकडला जातो. मग वायरिंग. सेन्सरच्या अर्थिंगच्या तारा परत ईसीयूवरच न्यायच्या आणि ईसीयूचं मुख्य अर्थिंग जाड तारांनी इंजिनच्या ब्लॉकवर एकाच जागी घट्ट आवळायचं. क्रँकच्या सेन्सरला जाळीदार आवरणाची तार वापरायची आणि ती प्लगच्या वायरींपासून लांब ठेवायची. इथे आळस केला, की गाडी मिसिंग मारते आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला लागतो.

क्रँक पुलीवर दातेरी चक्र बसवतात. छत्तीस दातांच्या जागेपैकी एक दात मुद्दाम गाळलेला असतो. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली, की क्रँक नेमका कुठे आहे हे ईसीयूला कळतं. ६००० आरपीएमला क्रँकचा एक अंश सरकायला सेकंदाचा सुमारे छत्तीस हजारावा भाग लागतो. एवढ्या वेळात ठिणगीचा निर्णय अचूक पडायला हवा. म्हणून पहिल्यांदा इंजिन चालू झालं की टायमिंग सॉफ्टवेअरमध्ये १० अंशांवर पक्कं करतात आणि टायमिंग लाइटचा झोत पुलीवरच्या खुणेवर मारतात. खूणही १० वरच दिसली पाहिजे. ईसीयूला १० वाटतंय आणि प्रत्यक्षात २० असेल, तर टर्बोने दाब भरताच इंजिन नॉक करू लागतं आणि पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. या तपासणीशिवाय टर्बोची गाडी दाबू नये.

पुढचा भरवसा धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणाऱ्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर. शुद्ध पेट्रोलला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो. टर्बोच्या दाबाखाली याहून अधिक पेट्रोल देतात, म्हणजे ज्वलनाची उष्णता आटोक्यात राहते. दाब ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर ईसीयू ठिणगी किंवा पेट्रोल तोडतो. ही मर्यादा पहिल्याच दिवशी भरून ठेवायची.

हे सगळं रेसच्या ट्रॅकसाठी. रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीत असे फेरफार मोटार वाहन कायद्यात बसत नाहीत आणि धुराचे नियमही आहेतच. पण शिकायला रस्ता लागत नाही. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत महाराष्ट्रातली इंजिनिअरिंगची मुलं स्वतः गाड्या बांधतात. मुंबईच्या सोमैया कॉलेजची ‘ओरायन रेसिंग इंडिया’ ही त्यांपैकीच एक टीम. नियमानुसार पेट्रोल गाडीच्या इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून जावी लागते. हवा बदलली की या गाड्यांत बसवलेल्या दुचाकीच्या इंजिनाच्या मूळ ईसीयूचा हिशेब जुळत नाही आणि तक्ता नव्याने भरावा लागतो. हवेचा हिशेब हाताने मांडलेला मुलगा ते पुन्हा विसरत नाही.

ही संधी फक्त मुंबई-पुण्याच्या मुलांपुरती राहू नये. भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये एक जुनं इंजिन स्टँडवर चढवावं, त्याला एक उघडा ईसीयू आणि एक वाइडबँड सेन्सर जोडावा, आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने तक्त्यातला एक कोपरा भरायला लावावा. स्कॅनरवर आलेला कोड वाचून पार्ट बदलणारे बरेच मिळतील. तो कोड का आला हे सांगू शकणारा मेकॅनिक असा उघडा डबा हाताळूनच तयार होतो. पोलाद आणि गिअर घडवणाऱ्या या जिल्ह्यात तो घडायलाच हवा.