वऱ्हाडातील वकीलवर्ग व लोकपक्षाची मांडणी

कायदे करणाऱ्यांचे व राज्यकर्त्यांचे मन विशिष्ट पक्षाकडे वळविण्याचा पद्धतशीर उद्योग पाश्चात्त्य देशांत मोठ्या वकिली पेढ्या करतात. त्यास लॉबिंग ही संज्ञा आहे. अशा मध्यस्थांनी नाव नोंदवून आपले अशील कोण हे जाहीर करावे, असा कायदा अमेरिकेत १९४६ साली झाला. १९९५ साली त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. ब्रिटिश अमदानीतील वऱ्हाडात हे कार्य कोणा एका पेढीने नव्हे, तर अमरावतीच्या काही नामवंत वकिलांनी सार्वजनिक जीवनातून केले. त्याचे स्वरूप समजण्यास वऱ्हाडची विलक्षण कायदेशीर स्थिती प्रथम ध्यानी घेतली पाहिजे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात कायम पट्ट्याने त्यांजकडे गेला व १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या कारभारास जोडण्यात आला. निजामाचे सार्वभौमत्व मात्र कागदोपत्री अबाधित राहिले. परिणामी वऱ्हाड हा ब्रिटिश मुलूख ठरत नसे, व ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू न होता सरकारी हुकुमाने लागू केले जात. १९१९ च्या सुधारणांनंतरही वऱ्हाडच्या मतदारांनी निवडलेल्या प्रतिनिधींना सरकारने औपचारिक रीत्या नियुक्त करावे लागे. अर्थात् जेथे कायद्याचा उगमच हुकुमात आहे, तेथे कायदा जाणणारा व अर्ज लिहिणारा मनुष्य सहजच लोकांचा प्रवक्ता बनतो.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे, रघुनाथ नरसिंह मुधोळकर व मोरोपंत जोशी हे तिघेही अमरावतीचे वकील होत. १८९७ मध्ये अमरावतीस काँग्रेस भरली, तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते. अध्यक्ष शंकरन नायर हेही वकीलच. पुढे मार्ग भिन्न झाले. खापर्डे टिळकांच्या पक्षात राहिले व टिळकांच्या अपिलाच्या खटपटीसाठी १९०८ मध्ये विलायतेस गेले. मुधोळकर नेमस्त पक्षाचे. ते १९१२ मध्ये बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. जोशी सरकारी अधिकारपदांपर्यंत पोहोचले व १९२८ मध्ये नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्ष झाले. एकाच व्यवसायातून विरोध, विनंती व सहकार्य अशा तीन वाटा निघाल्या.

येथे मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. न्यायालयात वकिलाजवळ अशिलाचे वकीलपत्र असते. काम असमाधानकारक वाटल्यास अशील ते परत घेऊ शकतो. लोकांच्या वतीने बोलणाऱ्या वकिलाजवळ असे कोणते पत्र होते? मताधिकार संकुचित असल्याने सामान्य कुणब्याची संमती गृहीतच धरली जाई.

हा प्रश्न परकीय सत्तेबरोबर संपला नाही. ८ ऑगस्ट १९४७ च्या अकोला करारात संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, असे पुढाऱ्यांनी ठरविले. जनतेचा प्रत्यक्ष कौल त्यामागे नव्हता. १९५५ मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, परंतु १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. युक्तिवाद कितीही निर्दोष असला, तरी तो कोणाच्या अधिकाराने केला जातो हे स्पष्ट नसल्यास त्याचे नैतिक बळ उणे पडते. अमेरिकन कायद्याने नोंदीची सक्ती केली तीही याच जाणिवेने. वऱ्हाडच्या इतिहासात ती उणीव भरून काढण्याचे साधन विस्तृत मताधिकार हेच होते.