पिंपरीची माती आणि औषधी जंतु

महसुली पाहणींत जमिनीची प्रत लावतांना मातीचा रंग, खोली, चुनखडी व वाळू पाहत आणि त्यावरून तिची योग्यता आण्यांत मांडीत. परंतु त्या मातींत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंचा रकाना दप्तरांत कधींच नव्हता. या बिनरकान्याच्या रहिवाशांनीं मनुष्यास काय दिलें, याची एक हकीकत पुण्याच्या उंबरठ्यावर घडलेली असल्यानें ती शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

पहिल्या पावसानें तापलेली जमीन भिजली म्हणजे जो सुवास सुटतो, तो बव्हंशीं स्ट्रेप्टोमायसिस नांवाच्या जंतूंचा होय. हे जंतु बुरशीप्रमाणें बारीक तंतु पसरतात. पिकाचीं मुळें साखर व इतर द्रव्यें पाझरीत असल्यामुळें त्यांच्या भोंवतालच्या मातींत जंतूंची मोठी दाटी असते. जेथें अन्न तेथें चढाओढ. म्हणून कित्येक जाती शेजाऱ्यास हटविणारीं द्रव्यें सोडतात. त्यांपैकीं जें द्रव्य रोगजंतूस मारतें पण रोग्यास फारसा अपाय करीत नाहीं, तें औषध म्हणून उपयोगी पडतें. यासच प्रतिजैविक म्हणतात.

इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंतील रटगर्स येथें वाक्समन यांच्या हाताखालीं अल्बर्ट शाट्झ यांनीं अशा जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन काढलें. क्षयावर गुण देणारें तें पहिलें प्रतिजैविक. त्या जंतूचा एक वाण भरपूर खत घातलेल्या शेतांतील मातींत सांपडला होता, हें शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

आपल्याकडे पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. तेथील डॉ. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं मातीचेही संशोधन केलें. पिंपरीच्याच मातींतून त्यांस एक नवा जंतु मिळाला. गांवावरून त्याचें नांव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असें ठेविलें. त्यापासून निघालेलें हमायसिन हें बुरशीजन्य विकारांवरील औषध १९६१ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें याच मंडळींनीं ऑरिओफंजिन काढलें. तें पिकांवरील बुरशीच्या रोगांसही लागू पडलें.

ही खाण अद्याप संपलेली नाहीं. मातींतील बहुतेक जंतु प्रयोगशाळेच्या बशींत वाढतच नाहींत. त्यांस मातींतच ठेवून वाढविण्याची युक्ति निघाल्यावर अमेरिकेंतील मेन प्रांताच्या एका गवताळ जमिनींतून टेक्सोबॅक्टिन हें नवें द्रव्य मिळालें. तें २०१५ सालीं जाहीर झालें.

परंतु मातीनें दिलेलें औषध आपण कसें वापरतों? डाळिंबाच्या तेल्या रोगावर नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन व एक भाग टेट्रासायक्लीन यांचें मिश्रण फवारण्याची चाल पडली. वारंवार फवारणीनें दुबळे जंतु मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि आपला चिवटपणा दुसऱ्या जातींच्या जंतूंसही देतात. उद्यां आपल्याच घरीं कोणी आजारी पडलें तर औषध निष्फळ ठरण्याची भीति आहे. याच कारणास्तव शेतींतील या औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा भारत सरकारनें डिसेंबर २०२१ मध्यें काढला.

म्हणून बागाईतदारांनीं रोगमुक्त रोपें लावावीं, रोगट फांद्या छाटून नष्ट कराव्या, छाटणीची कात्री प्रत्येक झाडागणिक निर्जंतुक करावी. उंसाचें पाचट जाळूं नये, तें सरींतच कुजूं द्यावें. मुळांच्या बुरशीजन्य रोगांसाठीं ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुरलेल्या शेणखतांत मिसळून द्यावी. मातींतील जंतूंस खाद्य मिळालें तर ते पिकाची राखण पुष्कळ अंशीं स्वतःच करतात.

पुण्याभोंवतालच्या कित्येक शेतांवर आज इमारती उभ्या आहेत. जी माती आपल्या हातीं उरली आहे, तिची प्रत केवळ उत्पन्नावरून न ठरवितां तिच्यांतील या मूक रहिवाशांवरूनही ठरवावी, इतकीच विनंति.